म्हणे, ग्रुपवर फक्त अभ्यासाचं बोला

सकाळी ऑफिसला निघायच्या गडबडीत फोन उघडला आणि डोकंच फिरलं. दिवसभर कामात लक्ष नव्हतं. आता घरी आलेय, चहासुद्धा न घेता लिहायला बसलेय. लांबेल. ज्यांना वाचायचंय त्यांनी वाचा.

आमचा एमपीएससीच्या अभ्यासाचा एक ग्रुप आहे. मी नोकरीला लागले तरी तो सोडलेला नाही. नवीन पोरं-पोरी येतात, त्यांना जमेल तेवढं सांगते. आज पहाटे त्यावर एका मुलीनं मेसेज टाकला होता. जिंतूरकडची आहे, एवढंच माहीत. तिचा पेपर नेमका संकष्टीला येतोय. ती पास व्हावी म्हणून आईनं वर्षभराच्या संकष्ट्या बोलल्यात आणि उपवास हिनंच करायचा आहे. उपाशी राहिलं की हिला गरगरतं. मागं टेस्ट सिरीजच्या पेपरात डोळ्यांपुढं अंधारी आली होती. बिचारी विचारत होती, त्या दिवशी खाल्लं तर चालेल का, आणि आईला कसं सांगू?

दहा मिनिटांत मेसेज डिलीट. खाली अॅडमिनची सूचना: हा ग्रुप फक्त अभ्यासासाठी आहे, देवधर्म, घरगुती अडचणी, तब्येत, रूम-मेस असले विषय टाकू नयेत, यापुढे थेट रिमूव्ह केलं जाईल. त्याखाली अंगठ्यांची रांग. एकानं तर 'बरं झालं सर, डिस्टर्ब होतं' असंही लिहिलं.

मुलगी ग्रुप सोडून गेली. स्वतःहून. कुणी तिला थांब म्हटलं नाही. मी मेसेज बघितला तोवर ती गेलेली होती.

काय डिस्टर्ब होतं रे तुम्हाला? चार ओळी होत्या. शंभर प्रश्नांच्या पेपरला बसणारी मुलगी चक्कर येऊन पडू नये यासाठी विचारतेय, हा अभ्यासाचा प्रश्न नाही? मग अभ्यासाचा प्रश्न म्हणजे नेमका कोणता? पंचायत राजच्या समित्यांचा क्रम? तो कोणत्याही गाईडमध्ये मिळतो. हिच्या प्रश्नाचं उत्तर कोणत्या गाईडमध्ये आहे ते दाखवा मला.

मला हे का लागलं ते सांगते. माझ्या यादीतल्या काही जणांना माहीत आहे, बाकीच्यांना नाही.

कोविडच्या आधीची गोष्ट. उन्हाळ्याचे दिवस. गट 'ब'ची संयुक्त पूर्व परीक्षा आठवड्यावर आलेली आणि आमचे दादा गेले. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ध्यानीमनी नसताना, रात्रीतून. परीक्षेचा रविवार म्हणजे सातवा दिवस. केंद्र तेव्हाच्या औरंगाबादला. आमचं गाव गेवराई तालुक्यातलं. घर पाहुण्यांनी भरलेलं, आई कोपऱ्यात बसलेली, भाऊ अकरावीत, त्याचं डोकं भादरलेलं. अशात मी परीक्षेचं नाव काढलं तर काका म्हणाले, दहाव्याच्या आत पोरगी गाव सोडून कुठं निघाली? लोक काय म्हणतील? दादांना तरी बरं वाटेल का?

काका वाईट नाहीत, आजही नाहीत. त्यांना जे माहीत होतं ते ते बोलले. पण माझ्यापुढं प्रश्न होता की विचारायचं कुणाला. भटजींना एमपीएससी म्हणजे काय ते माहीत नाही. त्यांच्या लेखी ती कसलीतरी परीक्षा, पुढच्या वर्षी देता येईल. पुण्यात क्लासच्या सरांना फोन केला तर ते म्हणाले, भावनिक होऊ नका, ध्येयावर लक्ष द्या. त्यांना सूतक कळत नाही. शेजारच्या बायका म्हणाल्या, बाई, आता कशाची परीक्षा! माझ्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. ज्याला माझं घरही कळेल आणि माझी परीक्षाही कळेल असा एकसुद्धा माणूस माझ्या ओळखीत नव्हता. भेटलेल्या, बघितलेल्या माणसांत नव्हता.

रात्री दोन वाजता माळवदावर जाऊन ग्रुपवर टाईप केलं.

तेव्हा तो ग्रुप लहान होता. आम्ही एकमेकांना गावावरून ओळखायचो. पंढरपूरकर, मालेगाववाली, नांदेड, लातूर, मी गेवराई. खरी नावं कित्येकांची नंतर कळली. एकमेकांचे चेहरे डीपीतच बघितलेले. दिवसा राज्यघटनेची कलमं पाठ करायची, रात्री अकरानंतर घरच्या गोष्टी निघायच्या. भाडं वाढलं, सदाशिव पेठेतली कॉट सोडून कुठं स्वस्त मिळेल, मेसचे पैसे थकलेत, बहिणीच्या लग्नाला जाऊ का अभ्यास करू, रोजा ठेवून लायब्ररीत कसं बसायचं, एकादशीला साबुदाण्यानं झोप येते तर काय खायचं. सगळं एकत्रच चालायचं, कारण आमच्या आयुष्यात ते एकत्रच होतं.

त्या रात्री सगळ्यात आधी मालेगाववालीचा मेसेज आला. तिनं लिहिलं, आमच्यात शोक तीन दिवसांचा असतो, पण ते आमचं झालं. तुझ्या घरी दहा म्हणतात तर दहा मान. फक्त पेपरचा तो एक तास कसा निघेल ते बघू. बघा, तिनं मला 'सोड गं सूतकबितक' म्हटलं नाही. 'आमचं बरोबर, तुमचं चुकतं' असंही नाही. माझं घर आहे तसं धरून तिनं त्यातून वाट शोधली. आजकाल टीव्हीवर धर्मावर बोलणाऱ्या लोकांना बघते तेव्हा मला हीच आठवते.

लातूरच्यानं मात्र लिहिलं की हे सगळं थोतांड आहे, उठ आणि निघ. चिडला होता माझ्यासाठीच, पण त्या रात्री मला ते नको होतं. बाकीच्यांनी त्याला गप्प केलं. मग त्यानंच सकाळी पुन्हा मेसेज केला, की झोप झालेली नसेल तर गणित-बुद्धिमत्ता शेवटाला ठेव, आधी इतिहास-भूगोल घे, येतंय तेवढंच लिही, निगेटिव्ह मार्किंग आहे, डोकं ठिकाणावर नसताना अंदाजानं गोल काळे करू नको. आणि प्रवेशपत्राच्या दोन प्रिंट काढ, ओळखपत्राची झेरॉक्स विसरू नको. तो आजही देव मानत नाही. माझा त्याच्यावर जीव आहे.

आणि पंढरपूरकर. त्याचे वडील कीर्तनकार. तो रात्री काही बोललाच नाही. मला वाटलं झोपला असेल. पहाटे साडेपाचला त्यानं ऑडिओ पाठवला. वडिलांना काकड्याच्या वेळी सगळं सांगून त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड केलेला. माझ्या आईसाठी. मी तो आईच्या कानाला लावला. ते म्हणत होते, "माऊली, सूतक देवाच्या कामाला असतं. देवपूजा नाही, देवळात जायचं नाही, सण-मंगल नाही. पोरगी सणाला निघालेली नाही. फॉर्मचे पैसे तिच्या बापानंच दिले असतील ना? मग त्यांचंच राहिलेलं काम करायला निघालीय. जाऊ द्या तिला. दहाव्याला ती घरी आहे."

आईनं ते दोनदा ऐकलं. मग पदर नीट केला आणि बाहेर जाऊन काकांना म्हणाली, भावजी, जाऊ द्या तिला.

आता मला सांगा अॅडमिन साहेब, हा ऑडिओ तुमच्या नियमात बसतो का? देवधर्म आहे. घरगुती आहे. तुम्ही दहा मिनिटांत डिलीट केला असता.

मी हे एका घरापुरतं बोलत नाहीये. ११ मार्च २०२१ आठवतोय ना? तीन दिवसांवर, १४ मार्चला राज्यसेवा पूर्व होती. मुळात ती ५ एप्रिल २०२० ची, पुढं ढकलत ढकलत तिथवर आलेली, आणि ती पुन्हा पुढं ढकलल्याचं परिपत्रक आलं. नवी पेठेत पोरं रस्त्यावर उतरली. टीव्हीनं ते दाखवलं. रात्री ग्रुपवर जे चाललं होतं ते कुणी दाखवलं नाही. एक जण लिहीत होता की घरी कसं सांगू, आईनं शेजाऱ्यांना सांगून ठेवलंय की रविवारी पेपर आहे. एकाला वयाची चिंता, कारण खुल्या प्रवर्गाला ३८ ला दार बंद. एक मुलगी म्हणत होती, आता घरचे स्थळं बघतील. त्या रात्री एकानंही अर्थशास्त्राचा प्रश्न विचारला नाही आणि विचारू नये हेच बरोबर होतं. आम्ही पहाटेपर्यंत जागलो. कोण एकटा खोलीवर आहे, कोण फोन उचलत नाहीये, याची यादी करून एकेकाला फोन लावले. पेपर नंतर २१ मार्चला झाला. त्याच वर्षी पुढं पुण्यातल्या एका उमेदवारानं मुख्य परीक्षा पास होऊनही मुलाखत रखडली म्हणून जीव दिला, ती बातमी सगळ्या महाराष्ट्रानं वाचली. त्यानंतरही कुणाला वाटत असेल की ग्रुपवर फक्त नोट्स टाकाव्यात, तर मला त्या माणसाशी बोलायचंच नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा तेच. २५ तारखेला राज्यसेवा पूर्व आणि त्याच दिवशी आयबीपीएसची बँकेची परीक्षा. कोणती द्यायची? सरळ अभ्यासाचा प्रश्न वाटतो ना? पण पोरं विचारत होती ते असं: बाबा म्हणतात बँक घे, पगार लगेच सुरू होतो, घराचे हप्ते आहेत. माझं मन राज्यसेवेत आहे. बाबांना दुखवू का? याला तुम्ही कोणत्या खणात टाकणार? शेवटी आंदोलनानंतर पूर्व परीक्षा पुढं गेली, १ डिसेंबरला झाली, पण ते आठ-दहा दिवस पोरांनी काय काढलेत ते त्यांचं त्यांना माहीत. आता तर राज्यसेवेला वर्णनात्मक, म्हणजे उत्तरं सविस्तर लिहायची पद्धत आलीय, मुख्य परीक्षेला ९ पेपर आणि १७५० गुण. वैकल्पिक विषय कोणता घ्यायचा हे विचारतानाही पोरं पुस्तकं, क्लासची फी, घरून किती वर्षं पैसे येतील आणि लग्न कधी, हे सगळं एका दमात विचारतात.

ठीक आहे, मान्य करते. सकाळी उठलं की देवांचे फोटो आणि सुप्रभातचा पूर येतो, त्यात कामाच्या नोट्स वाहून जातात. निवडणुकीच्या दिवसांत धर्मावरून भांडणं होतात, ती मीही बघितलीत. कुणी फालतू औषधं सुचवतं, कुणी परीक्षेसाठी अंगठीत खडा घालायला सांगतं. मग ते काढून टाका ना! फॉरवर्ड काढा, भांडणं काढा. माणसानं स्वतःच्या हातानं, स्वतःच्या अडचणीत लिहिलेला प्रश्न का काढता?

आणि ते दुसरे लोक. पोरं मोबाईलमध्ये घालवतात वेळ, ऑनलाईन कसली आलीय मैत्री, संकटात कोण येतं ते बघा, असं म्हणणारे. माझ्या संकटात कोण आलं ते मी बघितलंय.

त्या रविवारी मी पहिल्या एसटीनं निघाले. गाडी शहागडच्या पुलावर आली, खाली गोदावरी, आणि मला रडू फुटलं, कारण तीन दिवसांनी त्याच नदीवर दहावा होता. शेजारच्या आजींनी न विचारता पाठीवर हात ठेवला. औरंगाबादच्या मध्यवर्ती बसस्थानकावर नांदेड उभा होता. तोपर्यंत आम्ही एकमेकांना बघितलेलं नव्हतं. तो विद्यापीठात शिकत होता, त्याची आई तेव्हा त्याच्याकडं राहायला आलेली. आदल्या रात्री त्यानं ग्रुपवर विचारलं होतं, की आई विचारतेय, तुमच्यात सूतकात फोडणीचं चालतं का?

ही ओळ मी आयुष्यभर विसरणार नाही. ते बौद्ध कुटुंब. त्यांच्याकडं हे दहावं-तेरावं नाही, गेलेल्या माणसासाठी पुण्यानुमोदनाचा विधी करतात. त्या माउलीला आमच्या सूतकाशी काय देणंघेणं? पण न बघितलेल्या पोरीच्या पोटात दोन घास जावेत आणि तिच्या मनालाही ते लागू नयेत, म्हणून तिनं विचारून घेतलं. आमच्याकडं फोडणी देत नाहीत. डब्यात बिनफोडणीचं वरण, भात आणि लिंबाची फोड होती. स्टँडवरच्या बाकावर बसून मी खाल्लं. नांदेड शेजारी बसून काहीही बोलला नाही. मग रिक्षानं केंद्रावर सोडलं आणि पेपर सुटेपर्यंत बाहेर उन्हात थांबला.

पास नाही झाले मी त्या परीक्षेत. कटऑफच्या बरीच खाली राहिले. पुढं गट 'क'मधून लागले, ती वेगळी गोष्ट. मी हे मुद्दाम सांगतेय, कारण लगेच कुणीतरी म्हणेल की बघा, जिद्दीनं पेपर दिला आणि अधिकारी झाली. तसं काही झालेलं नाही. पण मी तो पेपर दिला नसता तर पुढचा एकही दिला नसता, एवढं मला माझ्याबद्दल नक्की माहीत आहे.

अजून एक राहिलं. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. ऊन चढायला लागलं. बायकांत कुजबूज सुरू झाली. कुणीतरी हळूच म्हणालंच, की पोरगी सूतकात बाहेर गेली म्हणून अडलं असेल. मी तिथंच कोसळले असते. पण आदल्या रात्री पंढरपूरकरानं मला लिहून ठेवलं होतं: उद्या कावळा उशिरा आला किंवा आलाच नाही तर घाबरून जाऊ नको. कित्येक घरी येत नाही. मग दर्भाचा कावळा करून शिवतात, ती रीतच आहे, तुझ्यामुळं काही झालेलं नसतं. त्याला ते सुचलं! त्याला माहीत होतं की असा प्रसंग आला तर बोट माझ्याकडं वळणार. भटजींनी शेवटी दर्भाचाच कावळा केला. मी ताठ उभी राहिले. आई माझा हात धरून उभी होती.

कोणता क्लास हे शिकवतो? कितीही फी घ्या, शिकवतो का?

आता राग उतरलाय थोडा. लिहून बरं वाटलं. अॅडमिन तरुण मुलगा आहे, त्याला ग्रुप शिस्तीत चालवायचाय, हे मला कळतं. हजारभर लोकांचा ग्रुप सांभाळणं सोपं नाही. मी त्याला दुपारी फोन केला होता, त्यानं उचलला नाही. उद्या पुन्हा करीन. तो नियम काढत नसेल तर वेगळा छोटा ग्रुप काढायची माझी तयारी आहे, मालेगाववाली आणि लातूर दोघंही हो म्हणालेत. मालेगाववाली आता शिक्षिका आहे, दोन लेकरांची आई आहे, तरी पाच मिनिटांत तिचं उत्तर आलं.

आणि जिंतूरच्या बाळा, ही पोस्ट फिरत फिरत तुझ्यापर्यंत पोचली तर नीट वाच. दुपारी पंढरपूरकराला विचारून घेतलंय, त्यानं वडिलांना विचारलं. संकष्टी म्हणजे कडकडीत उपाशी राहायचं असं कुठंही नाही. दूध, केळी, शेंगदाण्याचा लाडू, राजगिरा, भगर चालते. सकाळी पोटभर खाऊन जा, पाण्याच्या बाटलीत मीठ-साखर टाक. एवढ्यानंही गरगरत असेल तर त्या एका दिवसाचा उपवास आईनं तुझ्यासाठी धरावा. आईनं लेकरासाठी उपवास धरणं आपल्याकडं नवीन नाही. चंद्रोदयाला तिनं सोडायचा. आईला हे तू सांगू नको, तुझं ऐकताना तिला वाटेल की पोरगी पळवाट शोधतेय. पंढरपूरकराचे वडील आता थकलेत, पण आवाज तसाच खणखणीत आहे. ऑडिओ पाठवतो म्हणालेत. तुझा नंबर माझ्याकडं नाही, तू इनबॉक्स कर. आणि गरगरण्यासाठी एकदा रक्त तपासून घे, हिमोग्लोबिन बघ. सरकारी दवाखान्यात होतं. परीक्षेनंतर नको, या आठवड्यातच.

बाकी कुणाला काही विचारायचं असेल तर खाली लिहा. पेपरचं, घरचं, उपवासाचं, रोजाचं, रूमचं, जे असेल ते. नाव नको असेल तर इनबॉक्समध्ये. मी ऑफिसमधून सहाला सुटते, घरी येऊन सातपर्यंत उत्तरं देते. मला जे कळत नाही ते ज्याला कळतं त्याला विचारून सांगते.